मदत हवी आहे : ऑनलाइन घेतलेला फवारणी पंप बनावट निघाला, दाद कुठे मागू?

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातून लिहितोय. काकांना कपाशीच्या फवारणीसाठी ऑनलाइन बॅटरीचा पंप मागवून दिला. चित्रात नामांकित कंपनीचा होता. आलेल्या पंपाचं स्टिकर नखाने निघतं, खाली दुसरंच नाव. टाकी संपायच्या आत बॅटरी उतरते. विक्रेता फोन उचलत नाही, अ‍ॅपवाले म्हणतात आम्ही फक्त मध्यस्थ. ऐन हंगामात माणसाने करायचं काय?

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत मिळायला हवी, निवारण महिन्याभरात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. आता यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचा विचार आहे. कोणी अशी केस चालवली आहे का? वकील लागतोच का? बिल आणि स्टिकरचे फोटो आहेत, तेवढा पुरावा चालेल का?