ड्रॅक्स हॉल: कागद चोख म्हणून मालकी पण चोख?

ताकपोळी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की बार्बाडोसची ड्रॅक्स हॉल इस्टेट पावणेचारशे वर्षं एकाच घराण्यात आहे, कागद चोख आहेत, सरकारला जमीन हवी तर बाजारभाव मोजावा. डोकं फिरलं वाचून. जेम्स ड्रॅक्सने १६४० च्या दशकात तिथे ऊस पिकवला तो गुलामांच्या जिवावर, आणि गुलामी संपल्यावर १८३६ मध्ये तिथल्या १८९ माणसांपोटी ४,२९३ पौंड भरपाई मिळाली ती मालकाला! राबणाऱ्यांना दमडी नाही, उलट १८३८ पर्यंत शिकाऊ म्हणून तिथेच राबवलं. आणि २०२४ मध्ये घरं बांधायला सरकार त्यातलीच ५३ एकर विकत घ्यायला निघालं. किती वेळा पैसे द्यायचे?

रोखठोक_नाना: मीच तो ‘कुणीतरी’. आत्ताचा मालक रिचर्ड ड्रॅक्स, त्याच्याकडे इस्टेट आली २०१७ ला, वडील गेल्यावर. खापरपणजोबाचं पाप त्याच्या माथी कशाला?

मधलीसुट्टी: एकच घराणं कुठलं हो? मधे मुलींकडून गेलीय. भरपाई घेणारा मूळचा सॉब्रिज, लग्नानंतर अर्ल-ड्रॅक्स झाला. आडनावाबरोबर जमीन चालते, पाप तेवढं नको.

रोखठोक_नाना: आमच्या आजोबांची जमीन कूळकायद्यात गेली तेव्हा कुठे होता सगळे? हप्त्याहप्त्याने चिल्लर मिळाली, ती पण रडतखडत.

भातखाचर: नाना, ती चिल्लर माझ्या आजोबांसारख्या कुळांनीच भरली, कुळाने जमीन विकत घेतल्याचा कलम ३२ म चा दाखला असतो, त्यासाठी आजी दागिने मोडून बसली. आणि घर आमचं पण घराखालची जागा मालकाची, पडवी वाढवायची तरी त्याच्या दारात उभं राहायचं. बार्बाडोसला तेच, म्हणून तिथली चॅटल हाऊस लाकडी, सुटी करून हलवता येतील अशी, कारण मळेवाल्याने हाकललं की घर उचलून चालू पडायचं.

रोखठोक_नाना: माझे आजोबा गुलाम ठेवत नव्हते, तोंड सांभाळून!

भातखाचर: तसं म्हटलंय कुठे? वेठीला माणसं यायची की नाही तेवढं घरी विचारा.

ताकपोळी: अरे धागा ड्रॅक्सचा आहे!!

रोखठोक_नाना: बरं बाबा, मालकाला दुसऱ्यांदा पैसे नकोत, मान्य, झालं समाधान? पण बोंब झाल्यावर बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटलींनी तो व्यवहार थांबवला, त्याने घराची वाट बघणाऱ्यांना काय मिळालं ते पण सांगा.

मधलीसुट्टी: पैसे न देता जमीन घ्या, एवढंच तर म्हणतोय.

भातखाचर: नाना, सातबारा काढाच एकदा. इतर हक्कात कुणाची नावं होती ते बघा, मग बोलू.