मदत हवी आहे: आईला पेराडेनियाची बाग दाखवायची आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. डिसेंबरात आईला घेऊन श्रीलंकेला चाललोय. कँडीजवळच्या पेराडेनिया वनस्पती उद्यानात अख्खा दिवस काढायचाय. आईनं ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सेशेल्सचा जोडनारळ आणि पुढे राजा झालेल्या पंचम जॉर्जनं १९०१ साली लावलेला कैलासपती तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. कैलासपती आपल्याकडेही असतो, पण त्या झाडाचा विषय निघाला की तिचा चेहराच खुलतो!

अडचण गुडघ्यांची. रंकाळ्यावर थोडं चाललं की तिला बसावं लागतं, आणि ही बाग जवळपास १४७ एकर. कुणी जाऊन आलंय का? आत बॅटरीवरची गाडी मिळते का? बाकं किती अंतरावर आहेत? आधी ही दोन झाडं गाठायला कुठली वाट धरावी? महावेली नदीच्या काठापर्यंत तिला झेपेल का, तेही सांगा.