कुंड्यांतली चिलटं हटेनात, मदत हवी आहे

पुण्यात फ्लॅटच्या खिडकीत मनीप्लांट, स्नेक प्लांट धरून ९ कुंड्या आहेत. मिश्रण निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं गांडूळखत. जुलैपासून मातीतून बारीक काळी चिलटं उठतात (फळांवरची नव्हेत, फळं फ्रीजमध्येच असतात). पिवळे चिकट सापळे लावले. उडणारी अडकतात, अळ्या मातीत तशाच. निंबोळी पेंड घातली तर वर बुरशीच आली! वरचा इंचभर थर सुकल्याशिवाय पाणी देत नाही, पण या हवेत कोकोपीट सुकतंय कुठे? घरात रांगतं बाळ आहे, त्यामुळे विषारी फवारा नको. दुकानातून आणलेलं बीटी (अळ्या मारणारे जिवाणू) कुर्स्टाकी प्रकारचं निघालं, ते पतंगांच्या अळ्यांसाठी. चिलटांच्या अळ्यांवर चालणाऱ्या इस्रायलेन्सिस प्रकाराचं छोटं पाकीट कुठे मिळेल? आणि कुंड्या नव्याने भरताना गांडूळखत किती कमी करू, त्याऐवजी भाताचं तूस चालेल का?