जुन्या व्हिंटेज पोर्टचं बूच आणि साका

(एक चर्चा; तळघर, निवळी, पिंपवाला ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं.)

प्रश्न: १९८५ ची व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरणारी गोड, कडक पोर्तुगीज वाइन) उघडायची आहे. आजवर आडवीच ठेवलेली आहे. बूच तुटेल अशी धास्ती वाटते. आदल्या दिवशी काय तयारी करू? सोबत २० वर्षांची टॉनी (पिंपात मुरवलेली पोर्ट) आणि एक मदेराही (मदेरा बेटावरची कडक वाइन) आहे, त्याही आडव्या ठेवू का?

तळघर: आदल्या दिवशी नको, निदान दोन दिवस आधी बाटली उभी करा. प्रवास करून आली असेल तर आठवडाभर. व्हिंटेज पोर्ट पिंपात दोनेक वर्षंच असते, मग न गाळता बाटलीत भरतात, त्यामुळे साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, भरपूर. आडव्या बाटलीत तो एका बाजूला धरतो. जुन्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाचा फटकारा दिसतो तो त्याचसाठी. फटकाऱ्याची बाजू नेहमी वर ठेवायची.

बूच तुटतं कारण पोर्टच्या बाटलीचा गळा मध्ये किंचित फुगीर असतो. बूच तिथे फुगून बसतं आणि ओढताना अरुंद तोंडाशी अडकतं. साधा स्क्रू मऊ बुचाच्या मधोमध भोक पाडून नुसताच वर येतो. दोन पात्यांचा ओपनर घ्या. लांब पातं आधी, मग दुसरं, बूच आणि काचेच्या फटीतून डावीकडे-उजवीकडे डोलवत खाली न्या आणि पिळत पिळत वर ओढा. घाई केलीत की बूच आत ढकललं जातं. गेलंच, तर घाबरायचं कारण नाही, गाळून घ्या.

निवळी: दुसऱ्या भांड्यात ओतताना गळ्याखाली टॉर्च धरा. एकाच संथ धारेत ओता, मध्ये बाटली सरळ केलीत की साका ढवळला जातो. गळ्याशी धुरासारखी काळी रेघ सरकताना दिसली की थांबा. तळाचं अर्धा कप गेलं तर जाऊ द्या.

प्रश्नकर्ता: कॉफीचा कागदी फिल्टर चालेल का?

तळघर: नको, कागदाचा वास उतरतो. धुतलेली, साबणाचा वास नसलेली मलमल बरी.

निवळी: आधी उकळतं पाणी ओतून फिल्टर धुतला तर वास जातो. पण तो तुंबतो, हे खरं. मीही मलमलच म्हणेन.

पिंपवाला: टॉनी पिंपातच मुरून येते, बाटलीत सुधारत नाही. साठवून ठेवण्यात अर्थ नाही. मागच्या लेबलवर बाटलीबंद केल्याचं वर्ष बघा, जितकं अलीकडचं तितकं चांगलं. तिचं बूच टोपीचं (वर टोपी जोडलेलं, हाताने निघणारं) असेल तर उभीच ठेवा. मदेराही उभी, तिचा आंबटपणा बुचाला खातो.

उघडल्यावर १९८५ ची त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या. टॉनी फ्रिजमध्ये तीनेक आठवडे टिकते. मदेरा बनतानाच उष्णता आणि हवा पचवलेली असते, ती कित्येक महिने टिकते. व्हिंटेज १६ ते १८ अंशांवर, टॉनी १२ ते १४ वर. जास्त गरम दिलीत तर अल्कोहोलच नाकात जातं. एवढ्या जुन्या पोर्टला तासन्‌तास हवा देत बसू नका, तास-दीड तास पुरे.