एमजीबीचा सायलेन्सर: मूळ मापाचा की मोठ्या बोअरचा?

बर्मिंगहॅमकर
मंडळी, माझ्याकडे १९७२ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मागचा सायलेन्सर गेला. हिवाळ्यात गाडी फार तर दुकानापर्यंत जाते. पाइप पुरता तापत नाही, आतलं पाणी आतच राहतं, आणि खालून बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ. वरचा रंग शाबूत दिसत होता, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला.

आता तीन वाटा आहेत: पुन्हा साधा लोखंडी, मूळ मापाचा स्टेनलेस, किंवा दोन इंची, म्हणजे मोठ्या बोअरचा (आतून रुंद) पाइप आणि नळ्यांचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) असा पूर्ण स्पोर्ट्स सेट. माझा कल मधल्या वाटेकडे आहे. ताकद वाढेल या आशेने या गाडीच्या एक्झॉस्टवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. १७९८ सीसीचं जुन्या घडणीचं इंजिन, १९६२ मध्ये गाडी आली तेव्हा कंपनी ९५ अश्वशक्ती सांगायची. ते अडतं हेडमध्ये (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि कॅमपाशी (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). नुसती शेपटी रुंद करून काय मिळणार?

छतउघडा
अजिबात पटलं नाही. स्पोर्ट्स कार माणूस घेतो कशाला? छत खाली, तिसरा गिअर, समोर वळणाचा रस्ता, आणि मागून भरदार आवाज. तो आवाज नसेल तर एखादी सेडान काय वाईट? शिवाय हेड आज ना उद्या तुम्ही करणारच. तेव्हा पुन्हा सगळं उतरवून नवा पाइप घेणार का? एकदाच मोठा सेट बसवा आणि मोकळे व्हा. मूळ ते पवित्र हा हट्ट संग्रहालयातल्या गाड्यांसाठी ठीक आहे. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या. तुमची एक बदलली तर इतिहास बुडत नाही.

बिडाचा पाईक
आवाजाचं ज्याचं त्याने ठरवावं. पण मॅनिफोल्डबद्दल बोलायलाच हवं, कारण तिथे लोक हमखास फसतात.

या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच. एक आणि चार नंबरच्या सिलिंडरला स्वतंत्र, दोन आणि तीनला मिळून एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. म्हणजे दोन आणि तीन यांच्या स्फोटांत क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, एक आणि चारमध्येही तेवढाच. त्यामुळे या जोड्या एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. कारखान्याच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये मधलं तोंड वेगळं उतरतं, कडेची दोन एकत्र होऊन वेगळी उतरतात, आणि खाली जोडनळीत दोन्ही भेटतात. नळ्यांचा महागडा मॅनिफोल्ड जे करतो, त्यातलं बरंचसं हे बीड आधीपासून करतंय. तीव्र कॅम आणि मोठ्या व्हॉल्व्हचं हेड असेल तर वरच्या फेऱ्यांना नळ्यांचा फायदा दिसतो. साध्या इंजिनावर तो शोधावा लागतो.

दुसरं म्हणजे उष्णता. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक. पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त धग बाहेर फेकतात आणि वर दोन्ही एसयू कार्ब्युरेटर बसलेले. त्यात ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते लवकर उकळतं. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये थांबलात की गाडी आचके देणार.

छतउघडा
धगीवर सिरॅमिक लेप आहे, मधला पत्रा आहे. इतकं घाबरायचं कारण नाही. आणि बिडाचा मॅनिफोल्ड काय अमर आहे? त्यालाही तडे जातात. डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा मी मागतच नाहीये. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ओ देते असं वाटलं पाहिजे, ते मूळ सायलेन्सरमध्ये दबून जातं.

लेस्टरची ताई
दादा, पण रोजच्या वापराचं काय? ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नसेल तर ताशी ७० मैलांना हे इंजिन ३९०० फेऱ्यांच्या आसपास असतं. त्या फेऱ्यांना मोठ्या पाइपची जी घरघर सुरू होते ती दोन तास ऐकून बघा. आमच्याकडे मोठ्या बोअरची गाडी होती, शेजारी बसून बोलायचं म्हणजे ओरडायचं. आणि कायदाही आहे: ब्रिटनच्या १९८६ च्या वाहन नियमांनुसार आवाज वाढेल असा बदल सायलेन्सरमध्ये करता येत नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी (वार्षिक तपासणी) माफ असली, तरी हा नियम माफ नाही.

बर्मिंगहॅमकर
ताई, ओव्हरड्राइव्ह आहे, तरी मुद्दा मान्य. छतउघडा, आवाजाची हौस मलाही आहे, आणि मूळ दोन डब्यांच्या सायलेन्सरचा तो खर्जातला खरखरीत सूर मला पुरतो. बीड जागेवरच ठेवतोय.

स्टेनलेस घेताना लोहचुंबक सोबत नेणार आहे. ३०४ प्रतीच्या पाइपला तो सहसा चिकटत नाही, स्वस्तातल्या ४०९ ला चिकटतो, कारण त्यात निकेल जवळजवळ नसतंच. क्रोमियमही कमी असतं. दोन्ही स्टेनलेस म्हणूनच विकले जातात, पण मिठात टिकण्यात फार फरक आहे.

बिडाचा पाईक
पाइप टांगणारे रबरी हँगरही सगळे नवे घ्या. पाइप ताणून बसवला तर हादऱ्यांनी जोडापाशी चिरतो, मग तो ३०४ असो की आणखी काही. आणि मॅनिफोल्डखालचे सहा नट पितळीच लावा. लोखंडी लावलेत तर पुढच्या वेळी नटासकट स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) तुटून हातात येईल.

छतउघडा
बीड ठेवा, हरकत नाही. पण मागचा डबा तरी मोकळ्या घडणीचा (आतून कमी अडथळ्याचा) घ्या. तो नाही आवडला तर दोन क्लॅम्प सोडून तासाभरात बदलता येतो.