डेस्कटॉप सुरू होत नाही, पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबतो: एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला की बोर्ड?

मंडळी, डीटीपीच्या कामाचा डेस्कटॉप काल संध्याकाळी बंद पडला तो पडलाच. लग्नसराईच्या पत्रिका अंगावर आहेत, म्हणून जरा घाईत विचारतोय.

मशीन जुनं आहे. आय५-३४७०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३, २४० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस. वेगळं ग्राफिक कार्ड नाही. "नवीन घ्या" असं कृपया सांगू नका. विंडोज ७ वर पेजमेकर आणि डोंगल लावून चालणारं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्यावर बिनतक्रार चालतं, आणि माझी जुनी गिऱ्हाइकं अजून त्याच फाइली घेऊन येतात.

वळवाचा पाऊस होता, लाईट डिम-फुल होत होती, मग गेली. यूपीएसनेही मान टाकली. लाईट आल्यावर बटण दाबलं तर प्रोसेसरवरचा पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. बीप नाही, स्क्रीनवर काही नाही. पुन्हा बटण दाबलं तर तेवढंही नाही. मागची केबल काढून थोडं थांबून लावली की परत तीच अर्धी गिरकी.

केबल आणि सॉकेट बदलून पाहिले. रॅम काढून, पुसून, एकेक पट्टी लावून पाहिली. बोर्डवरचा सेल ३ व्होल्ट दाखवतो. समोरच्या बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या, तरी तेच, म्हणजे बटण निर्दोष. एसएमपीएस बोर्डपासून सोडवून हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडली तर त्याचा पंखा मजेत फिरतो. मल्टिमीटरवर पिवळी ११.९, लाल ५.१, नारिंगी ३.३. जांभळीवर केबल लावल्यापासूनच ५ व्होल्ट आहेत.

दुकानदार म्हणतो एसएमपीएस गेला, नवा टाका, नाही चालला तर बोर्ड बघू. आकडे बरोबर येत असताना एसएमपीएस कसा गेला?

प्रतिसाद १

क्लिपवाल्या टेस्टवर फार विसंबू नका. लोड नसताना मेलेला एसएमपीएससुद्धा १२ व्होल्ट दाखवतो आणि बोर्ड जोडला की बसतो. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस लावून बघा. फक्त एसएमपीएस उघडून बघायचा मोह आवरा, आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज बसलेला असतो.

प्रतिसाद २

दादा, दुसरा एसएमपीएस लावायची घाई नको. अर्धी गिरकी आणि केबल काढेपर्यंत पुन्हा काहीच नाही, हे एसएमपीएसने शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करून घेतल्याचं लक्षण वाटतं. तो बिचारा त्याचं काम करतोय. स्वस्तातला, प्रोटेक्शन नसलेला एसएमपीएस लावलात तर तो बंद व्हायच्या ऐवजी बोर्डावर काहीतरी जाळेल.

एक करा. प्रोसेसरजवळ चार पिनांचा वेगळा कनेक्टर असतो, दोन पिवळ्या, दोन काळ्या. तेवढाच काढा, २४ पिनांचा राहू द्या, आणि बटण दाबा. मग केबल काढून, बोर्डवरच्या त्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर बीपवर लावून बघा.

धागाकर्ता

केलं. चार पिनांचा काढल्यावर पंखे थांबत नाहीत, फिरतच राहतात! स्क्रीन अर्थात काळी. आणि सॉकेटवर मल्टिमीटर सलग बीप देतो, म्हणजे शॉर्ट.

जाता जाता: कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

प्रतिसाद २

झिणझिण्या म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की ती गळती तुमच्या हातातून जाते. या बिघाडाचं कारण तेच असेल असं नाही, पण इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

आता बोर्ड. १२ व्होल्टचे साधारण १ व्होल्ट करून प्रोसेसरला देणारे मॉसफेट त्या सॉकेटशेजारीच असतात, त्यातला एखादा शॉर्ट झालाय. प्रोसेसर सॉकेटमधून काढून परत मोजा. बीप गेला तर फक्त वरचा (१२ व्होल्टकडचा) मॉसफेट गेलाय, आणि मग प्रोसेसरला थेट १२ व्होल्ट बसले असण्याची भीती आहे. बीप राहिला तर खालचाही (ग्राउंडकडचा) गेलाय किंवा जवळचा कॅपॅसिटर शॉर्ट आहे. त्यात प्रोसेसर वाचायची शक्यता बरी.

धागाकर्ता

प्रोसेसर काढला, बीप तसाच आहे. हुश्श.

प्रतिसाद ३

मग चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे (बोर्डवरचे सुटे भाग बदलणाऱ्याकडे) न्या, विक्रीच्या दुकानात नको. सगळे फेज (मॉसफेटच्या जोड्या) समांतर असल्याने मल्टिमीटरला सगळेच मॉसफेट शॉर्ट दिसतात. हे लोक बेंच सप्लायवरून (व्होल्टेज हवं तेवढं ठेवता येणारा टेबलावरचा सप्लाय) १ व्होल्टच्या आसपास देऊन कुठला तापतो ते शोधतात. बोर्ड गेलाच तर एच६१ चा वापरलेला बोर्ड मिळतो, पण एसएसडी जुन्या बोर्डवर ज्या मोडमध्ये होती, बायोसमध्ये तोच मोड ठेवा, एएचसीआय की आयडीई. नाहीतर विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवेल.

धागाकर्ता

एसएसडी काढून यूएसबी कनेक्टरने लॅपटॉपला लावली, सगळ्या फाइली दिसतायत, कॉपी सुरू आहे. बोर्ड उद्या नेतो. आता एकच: दुरुस्तीवाल्याने मॉसफेट बदलल्यावर लगेच माझाच प्रोसेसर लावू द्यावा का, की आधी तिथे १ व्होल्ट बरोबर येतोय हे प्रोसेसरशिवाय तपासता येतं?

प्रतिसाद २

या बोर्डांवर प्रोसेसर नसताना तो व्होल्टेज सहसा चालूच होत नाही, मोजून कळणार नाही. त्यांच्याकडचा भंगारातला सेलेरॉन (स्वस्तातला प्रोसेसर) आधी लावायला सांगा. तुमच्या बोर्डच्या ११५५ सॉकेटचे त्यांच्या खणात पडलेले असतात.