उद्या शाळा बंद! दोन मुलं घरात, काय करू?

प्रेषक: दोन मुलांची आई, बॉस्टनजवळून
रविवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी,

शाळेचा रेकॉर्ड केलेला फोन आत्ताच येऊन गेला. उद्या सुट्टी. बारा ते अठरा इंच बर्फ म्हणतायत. मोठी सहा वर्षांची आहे. वर्गात ऐकून आली आणि पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपली, त्यामुळे हा बर्फ आपणच पाडला अशी तिची खात्री आहे. धाकटा तीन वर्षांचा, त्याला गेल्या वर्षीचं काही आठवत नाही. नवऱ्याच्या सकाळपासून मीटिंगा. माझी एकच, पण नेमकी अकराला.

मी वेळापत्रक केलंय : नऊ ते दहा चित्रकला, दहा ते साडेदहा बाहेर, मग गोष्ट, मग आकडे. यात आणखी काय घालू? मी नाशिकची. आम्हाला अशी अचानक सुट्टी मिळायची ती गोदावरीला पूर आला की. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलंय ते बघायला बाबा न्यायचे, त्यात दिवस जायचा. इथे मला दिवस भरायचा आहे.

---

प्रेषक: मराठी मंडळातला जुना सभासद
रविवार, रात्री ९.१५

मुलांचं इथल्या आया सांगतील, मी घराचं सांगतो. फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, पाइप भिंतीतून जिथे बाहेर निघतो, तिथला बर्फ अधूनमधून बाजूला करत राहा. गाडी सुरू करायच्या आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. मुलांना चालू गाडीत गरम बसवून आपण फावडं मारत बसायचं, हे तर अजिबात नको. धुराला वाट मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साठतो आणि त्याला वास नसतो. घरी सासरे आले असतील तर कितीही म्हणाले तरी फावडं त्यांच्या हातात देऊ नका. थंडीत एकदम जोर लावला की हृदयावर ताण येतो.

आणि फार खूश होऊ नका. मॅसेच्युसेट्समध्ये शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनला १०८ इंचांहून जास्त बर्फ पडला, त्या वर्षी आमची पोरं जूनच्या अखेरीपर्यंत दप्तरं घेऊन जात होती.

---

प्रेषक: आजी, गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, सकाळी ९.०५ (आमच्याकडची)

> नऊ ते दहा चित्रकला, दहा ते साडेदहा बाहेर

अगं, ते वेळापत्रक आधी फाडून टाक. तीन वर्षांच्या मुलाला ते सगळे कपडे चढवण्यातच तुझे नऊ ते दहा जाणार आहेत. आणि चढवण्याआधी दोघांना शूला नेऊन आण, नाहीतर शेवटची चेन लावली की धाकटा सांगेल.

नातवंडांसाठी मी तिकडे काही हिवाळे काढले, म्हणून अजून मंडळाच्या या यादीवर आहे. माझं म्हणणं एवढंच की दिवसात एक काम बाहेरचं, एक काम आतलं. मधला वेळ मुलांचा. तो तू भरायचा नाहीस.

बाहेर सकाळीच जा, फावडी आणि कुत्री फिरायच्या आत. आतून सुती कपडे नकोत, ओले झाले की अंगाला गार चिकटून राहतात. लोकर चालते. हातमोजे अंगठा सुटा आणि चार बोटं एकत्र असलेले घाल, बोटं एकमेकांना ऊब देतात. धाकटा वीस मिनिटांत कंटाळला तर घेऊन ये आणि पुन्हा ने. बर्फाचा बाहुला होईल की नाही हे तुझ्या हातात नाही. हवा शून्याच्या आसपास असली तर बर्फात ओल असते आणि लाडवासारखा वळतो. फार गारठा असला तर तो कोरडा भुरभुरीत पडतो, मूठच वळत नाही. मग घसरायचं. घसरगाडी नसली तर डिकीत सामान ठेवायच्या मोठ्या प्लास्टिकच्या खोक्याचं झाकण घे. आम्ही तेच वापरायचो.

मोठीसाठी एक सांगते. संक्रांतीची काळी साडी किंवा काळं जाकीट असेल ना, ते अर्धा तास बाहेर पडवीत गार करत ठेव. मग त्यावर पडणारे कण भिंगाने बघा. कापड गरम असेल तर कण लगेच विरतो. सहा कोन, सहा फांद्या स्वच्छ दिसतात. व्हरमाँटमधल्या जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा आपला पहिला फोटो काढला तो १५ जानेवारी १८८५ ला, आपल्या संक्रांतीच्याच दिवसांत. वय एकोणीस. पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो काढले. माझ्या नातीला यातलं फक्त 'एकोणीस' महत्त्वाचं वाटलं होतं, म्हणजे अजून आपल्याला वेळ आहे.

आतलं काम म्हणजे गुळाचा पाक. तिकडचे लोक मेपलचं सिरप आटवून बर्फावर ओततात, आपण गूळ घ्यायचा. थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून आटव. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी झाली की गॅस बंद. बर्फ परातीत घरात आण, पण पहिला तासभर पडलेला घेऊ नको, हवेतली धूळ त्याच्याबरोबर खाली येते. नंतरचा, वरवरचा घे. चमच्याने पाकाची धार सोड, क्षणात आवळतो, मग चमच्याला गुंडाळून द्यायचा. धार तूच सोड. पाक उकळत्या पाण्यापेक्षाही तापलेला असतो, मुलं टेबलाच्या पलीकडे हवीत.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेव, दुपारपर्यंत कोरडे होतात.

---

प्रेषक: आबा, निफाड तालुका
सोमवार, सकाळी १०.३०

लेकीनं मला या यादीत घातलंय, वाचत असतो. लिहीत नाही, पण आज वर्तमानपत्राचं निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडं या दिवसांत वर्तमानपत्र द्राक्षांच्या घडांना लागतं. रात्री गार आणि दिवसा ऊन, असा फरक पडला की मण्यांवर गुलाबी झाक येते. पिंक बेरी म्हणतात. तो माल एक्स्पोर्टला चालत नाही. म्हणून घडाघडाला कागद.

तुमचा बर्फ ढगांतून पडतो. आमचं उलटं आहे. आभाळ निरभ्र असलं, वारा पडला की रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि पहाटं दव गोठतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा मग पेपरात पहिल्या पानावर. अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटं पाणी सोडायचं. नातू आला असला की हट्टानं उठून येतो. बागेची काळजी त्याला कशाला असेल, शेकोटीत हरभऱ्याचे घाटे भाजायला मिळतात म्हणून येतो. त्याला शाळेला सुट्टी मात्र नाही. २०२४ ला सरकारनं सांगितलंय की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरवू नका, तेवढंच काय ते.

आजी, हे तुम्हाला. बर्फ पडतो त्या दिवशी खरंच थंडी कमी असते का? लेक म्हणते, मला पटत नाही.

---

प्रेषक: आजी, गंगापूर रोड, नाशिक
सोमवार, सकाळी ११.१०

आबा, लेक बरोबर सांगते. ढग असतात तोवर ते पांघरूण धरतात. बर्फ थांबला, आभाळ निवळलं की त्या रात्री खरा कडाका. कारण तुम्हीच वर लिहिलंय, निफाडचं तेच.

---

प्रेषक: दोन मुलांची आई
सोमवार, दुपारी ३.२०

वेळापत्रक फाडलं नाही, मोठीने त्याच्या मागे चित्र काढलं, म्हणजे चित्रकला झाली.

आजी, कपड्यांना पाऊण तास लागला. धाकटा दारात उभा राहिला, एक पाऊल टाकलं, गुडघ्यापर्यंत गेला आणि असा रडला की शेजारचे काका फावडं टाकून आले. मग मोठीने बसून दोन्ही हातांनी त्याच्यासाठी वाट खणली, दारापासून मेलबॉक्सपर्यंत. ती वाट संपेपर्यंत हे महाशय मागून राजासारखे चालत होते आणि बर्फ खात होते. बाहुला झाला नाही, मूठ वळेना. झाकणावरून ड्राइव्हवेच्या उतारावर घसरलो. मीसुद्धा. माझी अकराची मीटिंग मी स्नो पँट घालूनच केली, कॅमेरा बंद.

काळ्या साडीवर कण बघताना मोठी श्वास रोखून होती, कारण श्वास लागला की ते विरतात हे तिचं तिनेच शोधलं. पाक पहिला फार सैल झाला, बर्फात मुरून गेला. तो खरवडून गोळा म्हणून खाल्ला. दुसरा जमला, पण नवरा मीटिंगमधून उठून आला आणि निम्मा त्यानेच संपवला. आता दोघं मुलं टेबलाखाली आहेत, तिथे कसलं तरी दुकान चाललंय. मी विचारलेलं नाही.

उद्या शाळा दोन तास उशिरा आहे. मंडळाच्या संक्रांतीला या वेळी काटेरी हलवा घरी करून आणायचं मनात आहे, धाकट्याचं बोरन्हाणही करायचंय. काटा येईल का इथे?

आबा, द्राक्षांचं कळवा.

---

प्रेषक: आजी, गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, सकाळी ६.४५

येईल की. हलव्याला कोरडी थंडी लागते आणि तुमच्याकडे आता आभाळ निवळायला लागेल. एकतारी पाक कर, दुधाचा हबका मारून मळी काढ म्हणजे हलवा पांढरा येतो. परात अगदी मंद आचेवर, पाक चमचा-चमचाच, आणि बोटांनी तीळ सतत हलवत राहायचे. एका बैठकीत होत नाही. रोज थोडा कर. मुलं शाळेत असताना कर, ही परात तापलेली असते. त्यांना दागिने ओवायला बसव.

तीळ आज रात्रीच निवडून ठेव.